नांदूरघाटातला समुद्रपंखा

मी समुद्रपंखा बोलतोय. या नावाने तुम्ही मला ओळखणार नाही. बीड जिल्ह्यातल्या नांदूरघाटातही कुणी ओळखत नव्हतं. तिथे माझं नाव होतं इंद्रजाल. घराची राखण करणारा, वाईट नजर परतवणारा, करणी-भानामती उंबऱ्याबाहेर अडवणारा असा माझा लौकिक. आता खरं सांगायचं तर मी जन्माचा भित्रा. त्या घरात सगळ्यांत घाबरट कोण असेल तर मीच होतो, आणि राखणीचं काम नेमकं माझ्याकडे दिलं होतं. तेव्हा बोलताना अडखळलो तर सांभाळून घ्या.

माझा जन्म कोकण किनाऱ्याजवळच्या समुद्रातला. पाण्याखाली दोन-तीन पुरुष खोल एक खडक आहे, त्याला मी चिकटलो तेव्हा मोहरीएवढा होतो. तिथून वाढत गेलो, पण किती सावकाश! बोटभर उंची वाढायला मला वर्ष लागायचं. दिसायला मी झाडासारखा, जाळीदार, पसरलेल्या पंख्यासारखा. पण मी झाड नव्हतो. माझ्या अंगावर हजारो बारीक छिद्रं होती आणि प्रत्येक छिद्रात आठ हातांचा एक इवलासा जीव राहायचा. पाणी वाहायला लागलं की ते सगळे हात बाहेर काढून पाण्यातलं काहीबाही वेचून खायचे. ते सगळे मिळून मी.

भीती मला तेव्हापासूनची. नांगर पडला तरी भीती, जाळं घासत गेलं तरी भीती. मला पळता येत नव्हतं ना! मासे सुळकन निघून जायचे, खेकडे कपारीत शिरायचे, मी आपला उभाच. मग एक वर्षी खडकाच्या चारी बाजूंना पिवळे तरंगते गोळे बांधले गेले. त्यांच्या आतला समुद्र राखीव, इथे नांगर टाकायचा नाही, जाळं ओढायचं नाही, काही तोडायचं नाही, असं ठरलं. पहाऱ्याची एक होडी दिवसातून दोन वेळा डोक्यावरून घरघर करत जायची. कोळी मंडळी आधी खूप चिडली. पण दोन-तीन वर्षांत गोळ्यांच्या बाहेरच त्यांना भरपूर मासळी मिळायला लागली, कारण आत तिची पिल्लं निवांत वाढत होती. मग बाहेरची होडी आत शिरली की तेच ओरडून तिला हुसकवायचे.

तेवढीच वर्षं मी जरा सैल सोडून जगलो. समुद्रघोडा शेपटीचा वेढा माझ्या फांदीला घालून झोपायचा. बारके मासे अंडी घालायला माझ्या आडोशाला यायचे. माझ्या खडकावर माझ्यासारखे पंचवीस-तीस पंखे होते, लहानमोठे. पाण्याचा झोत आला की आम्ही सगळे एकाच बाजूला कलायचो. ती होडीची घरघर मला आईच्या हाकेसारखी वाटायची, ऐकली की बरं वाटायचं.

शिमग्याच्या दिवशी घरघर आली नाही. सगळा किनारा पालखीमागे नाचायला गेला होता. समुद्रावर चिटपाखरू नव्हतं आणि पाणी काचेसारखं स्वच्छ होतं. दोघं जण पाण्यात उतरले. एकाच्या हातात कोयती होती. तो खडकाभोवती फिरला, सगळ्यांना न्याहाळलं, आणि मोठा दिसलो म्हणून माझ्यापाशी थांबला. समुद्रघोडा शेपटी सोडवून निघाला एवढं मला आठवतं. पुढची कळ मी सांगत नाही.

होडीत उन्हात पडलो तेव्हा माझ्या हजारो जिवांनी घाबरून हात आत ओढून घेतले. पुन्हा कुणी बाहेर काढले नाहीत. मग बोलतोय कोण, असं तुम्ही विचाराल. मलाही नीट ठाऊक नाही. बाकी सगळं गेलं, भीती तेवढी मागे राहिली असावी.

पुढे कुठल्याशा पत्र्याच्या खोलीत माझी साल खरवडली, काळा रंग फासला, वर चकचकीत रोगण लावलं. आणि मी 'समुद्राचं मूळ' झालो. मूळ! जिवंतपणी जे कधी नव्हतो, ते मेल्यावर झालो. चैत्रातल्या एका जत्रेत एका फेरीवाल्याने मला चादरीवर मांडलं. तिथून मला उचललं सत्तारभाईंनी.

सत्तारभाईंचं नांदूरघाटच्या बाजारपेठेत फोटो फ्रेमिंगचं दुकान. माणूस सरळ आणि हाताचा नेटका. त्यांच्या दुकानात मक्का-मदिना आणि तुळजाभवानी काचा बसायची वाट बघत शेजारी शेजारी टेकून उभे असायचे. मध्ये कुणाच्या लग्नाचा फोटो, कुणाच्या वारलेल्या वडिलांचा, पुढाऱ्याच्या सत्काराचं मानपत्र. सत्तारभाईंनी मला लाल मखमलीवर ठेवलं, वरून काच, चारी बाजूंनी सोनेरी पट्टी, आणि दर्शनी भिंतीला लावलं. गिऱ्हाइकाला काहीतरी नवीन दिसावं, एवढाच त्यांचा हेतू.

छबुबाई आल्या त्या त्यांच्या सासऱ्यांचा फोटो न्यायला. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का. घरात कांदा-लसूणसुद्धा वर्ज्य, अशी कडक माळकरीण. त्यांची नजर माझ्यावर पडली.

"सत्तारभाई, ह्ये कशाचं झाड?"

"इंद्रजाल म्हनतेत, छबुबाई. समुद्राचं मूळ हाय. घरात लावलं की वाईट नजर आत येत न्हाई, आसं तो इकनारा सांगत हुता."

"पोटातल्या लेकरावर बी चालतं का?"

साऱ्या गावाला ठाऊक होतं, छबुबाईंची सून वनमाला दोनदा आशेवर राहिली आणि दोन्ही वेळा पाचव्या महिन्यात पोट पडलं. आता तिला तिसऱ्यांदा दिवस गेले होते.

"मी फ्रेम करणारा मानूस," सत्तारभाई म्हणाले. "मला त्यातलं काय ठाव न्हाई. इकनाऱ्यानं ही चिठ्ठी दिलती, वाचून बघा."

चिठ्ठीवर छापलं होतं: गरोदर बाईने सकाळी उठल्याबरोबर पहिलं दर्शन इंद्रजालाचं घ्यावं, मंगळवारी धूप दाखवावा. आणि खाली ठळक अक्षरांत, खरं इंद्रजाल पाण्यात टाकलं की पुन्हा जिवंत होऊन उमलतं. छबुबाईंनी चिठ्ठी घडी करून कनवटीला लावली आणि मला काखोटीला मारलं.

असा मी वनमालाच्या पलंगासमोर आलो.

वनमाला तेवीस-चोवीस वर्षांची, अंगाने किरकोळ, बोलायला त्याहून कमी. नवरा राम साखर कारखान्याच्या गाडीवर ड्रायव्हर, आठवड्यातून एकदा घरी. माहेरी आई नाही. डॉक्टरांनी पिशवीला टाका घालून पडून राहायला सांगितलं होतं. ती दिवसभर त्या खोलीत पडून, आणि समोर मी. सकाळी छबुबाई यायच्या आणि म्हणायच्या, "आगं, आधी तिकडं बघ, मग पाय खाली टाक." वनमाला मान माझ्याकडे वळवायची आणि डोळे घट्ट मिटून घ्यायची. सासूला वाटायचं, सून भक्तिभावाने डोळे मिटतेय. मला दिसायचं की तिच्या पापण्या थरथरताहेत.

माणसांची ही गंमत मी तिथे पाहिली. भीती वाटली की ती एकमेकांना सांगत नाहीत. भिंतीला काहीतरी टांगतात. छबुबाईंना भीती होती की तिसरंही जाईल. राम यायचा, चपला काढता काढता आधी आईच्या तोंडाकडे बघायचा, सगळं ठीक आहे ना म्हणून. वनमालाला सगळ्यांचीच भीती आणि वर माझी. आणि कुणी कुणाशी अवाक्षर बोलायचं नाही. दर मंगळवारी मला मात्र धूप मिळायचा.

पाचवा महिना सरला. सहावा लागला. लेकरू पोटात लाथा मारायला लागलं आणि गावात माझं नाव झालं. दुपारी कामं आटोपली की बायका मला बघायला यायच्या. त्यांची म्होरकी वत्सलाबाई. बचत गटाची अध्यक्ष, आवाज खणखणीत, मनात आलं की लगेच करून मोकळी होणारी. तिने माझ्यासमोर उभं राहून जाहीर केलं:

"छबुताई, वनमालीचं सुखरूप होऊ द्या. मग आमी समद्या गटाच्या बाया एक एक घेतो. पंचवीस जनी हाव आमी."

सत्तारभाईंना बोलावणं गेलं. ते दारातच उभे राहिले आणि त्यांनी त्या विकणाऱ्याला फोन लावला. सगळ्यांना ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला.

"पंचवीस? मिळतील की," पलीकडून आवाज आला. "तयार माल नाही सध्या. पण जागा माहीत आहे, एकाच खडकावर तेवढे आहेत. आता पावसाळ्यात पाणी गढूळ असतं, उतरता येत नाही. दसरा झाला की पाणी निवळतं. तुमचा फोन आला की चार दिवसांत तोडून पाठवतो."

बायका समाधानाने चहा पीत होत्या. मी काचेमागे गार पडलो होतो. एकाच खडकावर. तो माझाच खडक, दुसरा कुठला असणार!

डॉक्टरांनी वनमालाला तारीख दिली होती ती दसऱ्यानंतरच्या आठवड्यातली. तुम्हीच हिशेब करा. बाळ सुखरूप जन्मलं, की फोन जाणार. फोन गेला, की कोयती उतरणार. वनमालाचं लेकरू जगलं, तर माझा सारा गोतावळा मरणार.

मला ते बाळ हवं होतं. शपथेवर सांगतो, हवं होतं. रोज सकाळी त्या मुलीचं पोट श्वासाबरोबर वर-खाली होताना मी बघत होतो. पण श्रावणातल्या एका सकाळी तिला कळ आल्यासारखं झालं, ती कण्हली, छबुबाई धावत आल्या, आणि माझ्या मनात एक विचार येऊन गेला. आता हे बाळ... पुढचं मी बोलत नाही. कळ थांबली. सगळं ठीक होतं. पण त्या दिवसापासून मला स्वतःचीही भीती वाटायला लागली. समुद्रात मी कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं.

भाद्रपदात एका दुपारी सत्तारभाई पुन्हा आले. बरोबर त्यांची मुलगी शाईस्ता होती. ती केजच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होती. सत्तारभाईंच्या तोंडचं पाणी पळालं होतं. टोपी हातात घेऊन ते नुसती फिरवत होते.

"छबुबाई, तेवढी ती फ्रेम वापस द्या."

"कावून?"

सत्तारभाईंनी मुलीकडे बघितलं. शाईस्ता म्हणाली, "काकू, अब्बाच्या मोबाइलमध्ये मी ह्येचा फोटो पाहिला. ह्ये मूळ न्हाई, झाड बी न्हाई. समुद्रातलं जनावर हाय. वाघाला जसा कायदा हाय, तसाच ह्येला हाय. घरात ठेवनं बी गुन्हा, इकनं बी गुन्हा. तीन वर्षांच्या पुढं शिक्षा हाय."

"आगं बाई, समुद्र कुटं अन् नांदूरघाट कुटं! फॉरेस्टवाले हितं माझ्या खोलीत कशाला येतेत?"

"येवोत न येवोत. पर तुमी पंचवीस मागवायला लागल्या. तेवढ्यासाठी तिकडं आख्खा खडक उघडा करतील. ह्येच्या आधारानं मासे अंडी घालतेत, समुद्रघोडे राहतेत. तो भाग सरकारनं राखून ठेवलेला हाय."

"मासे!" छबुबाईंनी तोंड वाकडं केलं. "माझ्या सुनेचं लेकरू म्होरं का मासे म्होरं?"

कायदा चालला नाही, समुद्र चालला नाही. तेवढ्यात छबुबाईंनीच कनवटीची चिठ्ठी काढली.

"जनावर म्हनतीस न्हवं? मग ही परीक्षा घे. खरं इंद्रजाल पान्यात उमलतं, हितं छापल्यालं हाय. टाक पान्यात. उमललं तर माझं खरं, न्हाई तर तुझं."

छबुबाईंना त्या चिठ्ठीचा इतका भरवसा होता. त्यांनी स्वतः परातीत कोमट पाणी ओतलं. सत्तारभाईंनी फ्रेमच्या मागचे बारीक खिळे उपसले, काच सरकवली, मखमलीवरून मला सोडवलं. वनमाला पलंगावर कोपरावर टेकून बघत होती.

मला पाण्यात ठेवलं.

सहा महिन्यांनी पाणी! क्षणभर मला सगळं विसरायला झालं. मी वाट बघितली, आता हात बाहेर येतील, आता सगळे उठतील. पाणी गोडं होतं. मिठाचा कणही नव्हता त्यात. कुणीही उठलं नाही.

उठला तो वास. आधी काळा रंग सुटला आणि परातीतलं पाणी शाईसारखं झालं. मग रोगण मऊ पडलं, आणि आत कोंडून राहिलेला वास खोलीभर पसरला. छबुबाईंनी पदर नाकाला लावला. त्यांच्या चेहऱ्यावर ओळख पटल्यासारखं काहीतरी आलं. बाजारात ज्या गल्लीतून जाताना त्या पावलं झपाझप उचलायच्या, त्या गल्लीतला वास होता तो.

"सुकटीचा वास येतोय," त्या पुटपुटल्या. "माझ्या घरात सुकट?"

खरवडताना माझ्या बुंध्याजवळ थोडी साल राहून गेली होती. रंग उतरल्यावर ती दिसायला लागली. शाईस्ताने पिशवीतून कॉलेजातली छोटी भिंगाची काच काढली आणि वनमालाच्या हातात दिली. "वहिनी, हितं बघा. ही छिद्रं दिसतेत? एकेक छिद्र म्हंजे एकेकाचं घर. आठ हात असतेत त्यांना."

वनमालाने बराच वेळ बघितलं. चार-पाच महिन्यांत पहिल्यांदा तिने माझ्याकडे डोळे उघडून पाहिलं होतं.

"किती व्हते?"

"मोजता येनार न्हाईत इतके."

"समदे मेले?"

"हो, वहिनी."

वनमालाने काच खाली ठेवली. हात पोटावर नेला. आणि सासूला ती जे बोलली, तेवढं लांब वाक्य मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. "आत्या, मला रोज उठल्या उठल्या ह्येच्याकडं बघायला लावलंत. मी कवाच बघितलं न्हाई. डोळं झाकून घेत हुते. मला ह्येची लई भीती वाटायची, पर तुमाला वाईट वाटंल म्हनून बोलले न्हाई. आता तुमीच सांगा. मेलेल्यांची हाडं टांगून त्याच्याम्होरं माझं लेकरू कसं वाढावं?"

छबुबाई उठल्या. मोरीत जाऊन त्यांनी राखेने तीनदा हात धुतले. परत आल्या त्या पदराला हात पुसत.

"मी धूप दाखवत हुते ह्येला. माळ घातलेल्या हातानं," त्या म्हणाल्या. मग सत्तारभाईंना, "घिऊन जा. पर कुनाला सांगू नका. समद्या गावात मी नाचवलंय ह्येला. लोक हसतील मला."

आणि त्यांनी केलं काय, तर रिकामी फ्रेम पुन्हा त्याच खिळ्याला टांगली आणि वर पिवळं फडकं टाकलं. कुणी विचारलंच तर सांगायचं, आता दिवस भरत आले, झाकून ठेवायला सांगितलंय.

म्हणजे माझी सुटका झाली, पण खडकाची नाही. वत्सलाबाई आणि तिच्या चोवीस जणी अजूनही बाळाचीच वाट बघत होत्या.

सत्तारभाईंनी मला दुकानातल्या कपाटात काचांच्या मागे, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलं. पहिल्या दिवशी तर ते मला चुलीत घालायला निघाले होते. शाईस्ताने हात धरला. "अब्बा, जाळलं तर त्या इकनाऱ्याचं नाव कोन सांगनार? बीडला फॉरेस्ट ऑफिसात देऊन येऊ."

"देऊन येऊ, देऊन येऊ! मलाच आत टाकलं तर? तीन वर्षं, बेटा! दुकान कोन बघंल? तुझी फी कोन भरंल?"

"तुमाला ठाव नव्हतं, आसं सांगू."

"मला ठाव नव्हतं, हे त्यांना कसं ठाव?"

सुट्टी संपली, शाईस्ता केजला गेली. सत्तारभाई रोज ठरवायचे, उद्या जाऊ. विकणाऱ्याचा फोन आला की मोबाइल उलटा ठेवायचे. दुकानासमोर खाकी कपड्यातलं कुणी थांबलं, मग तो पोस्टमन का असेना, ते कपाटापुढे येऊन उभे राहायचे. कपाटाच्या आत मी आणि बाहेर ते, दोघेही जीव मुठीत धरून होतो. दसरा झाला. तिकडे पाणी निवळलं असणार.

दसऱ्यानंतर सहाव्या दिवशी बातमी आली. वनमालाला केजच्या दवाखान्यात मुलगी झाली. पावणेतीन किलो, रडणं खणखणीत. सत्तारभाईंनी "या अल्लाह, तेरा शुकर" म्हणून दोन्ही हात तोंडावरून फिरवले. मलाही आनंद झाला. मनात आलेल्या त्या विचाराचं ओझं जरा हलकं झालं. पण तो आनंद मला फार वेळ धरून ठेवता आला नाही. लगेच डोळ्यांपुढे कोयती आली.

बाळंतीण घरी आली त्याच दिवशी, दुपारी, बायका दुकानात शिरल्या. आठ-दहा जणी असतील. वत्सलाबाईच्या हातात कागद होता.

"सत्तारभाई, नावं लिहून आनलीत. पंचवीस. लावा फोन."

"माल बंद झाला," सत्तारभाई म्हणाले. आवाज इतका बारीक की मला कपाटात जेमतेम ऐकू आला.

"बंद कसा व्हईल? नंबर द्या मला. माझा भाऊ तानाजी ट्रक घिऊन कोकनात जातो. तोच थेट घिऊन यील. पंचवीस काय, पन्नास आनील. पलीकडच्या गावाच्या बाया बी मागायल्या."

पन्नास! माझ्या खडकावर तेवढे नव्हतेच. शेजारच्या खडकांवरही कोयती फिरणार. मला ओरडायचं होतं. ज्याची सगळी तोंडं सुकून गेलीत, त्याने ओरडावं तरी कशाने? सत्तारभाई काही बोलतील म्हणून मी वाट बघत राहिलो. ते सोनेरी पट्ट्याच मोजत राहिले.

तेवढ्यात दारात छबुबाई आल्या. मुलगी झाली म्हणून सत्तारभाईंना बर्फी द्यायला आल्या होत्या. बायकांनी त्यांना गराडा घातला. "छबुताई, तुमच्या इंद्रजालानं काम केलं बघा! आता सांगा ह्यांना, मागवा म्हनावं."

छबुबाई जागच्या जागी थबकल्या. त्यांनी नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं. नात झाली होती, गावात मान वाढला होता, फ्रेमवर फडकं होतं. कपाटाच्या फटीतून मला त्यांचा बर्फीचा पुडा धरलेला हात दिसत होता. त्या हाताने पुडा फळीवर ठेवला.

"त्यानं काय बी केलं न्हाई," छबुबाई म्हणाल्या.

"आसं कसं?"

"ते घरात नव्हतंच. महिना झाला, मी काढून दिलं. ते मूळ न्हाई, बायांनो. समुद्रातलं जनावर हाय. मेलेल्याची हाडं. मी माळकरीण असून चार-पाच महिनं त्याला धूप दाखवला."

"खोटं! आठ दिसांखाली आमी फ्रेम बघितली की!"

"मोकळी व्हती ती. वर फडकं टाकलं हुतं मी." छबुबाईंचे डोळे भरले, तरी त्या थांबल्या नाहीत. "तुमी हसताल म्हनून लपवलं. आता हसायचं तर हसा. वनमालीला डॉक्टरनं टाका घातला, गोळ्या दिल्या, झोपून ठिवलं, म्हनून माझी नात आली. ह्या हाडाची तर माझ्या सुनेला भीती वाटत हुती, अन् मला आंधळीला ते दिसत नव्हतं."

कुणी हसलं नाही. वत्सलाबाईने सत्तारभाईंकडे मान वळवली. "मग आता कुठंय ते?"

सत्तारभाई एकदा रस्त्याकडे बघून आले. मग कपाट उघडलं. काचा बाजूला केल्या, वर्तमानपत्र सोडलं आणि मला सगळ्यांच्या समोर फळीवर ठेवलं.

"ह्ये बघा. मीच आनलं, मीच इकलं. नाकाला लावून बघा."

वत्सलाबाई वाकली आणि झटकन मागे सरली. मागून कुणीतरी म्हणालं, "आगं माय, आन् मी देवघरात लावनार हुते." वत्सलाबाईने कागदाची घडी केली, पण फेकला नाही. "मग नजर लागली तर काय करायचं?" तिने विचारलं. आवाज आता खणखणीत नव्हता. तिच्याही घरात कुणीतरी असणार, ज्याच्यासाठी ती घाबरत होती.

"माझ्याकडं ये," छबुबाई म्हणाल्या. "बोलू आपन. गरज पडली तर दवाखान्यात मी संगं यीन."

सत्तारभाईंनी टोपी नीट केली. "मी उद्या बीडला चाललो. ह्येला फॉरेस्ट ऑफिसात देतो, अन् त्या इकनाऱ्याचा नंबर बी देतो. आता समद्यांम्होरं बोललोय, आता मला माघारी फिरता येत न्हाई."

दुसऱ्या दिवशी ते गेले. शाईस्ता केजहून गाडीत चढली. बीडपर्यंत सत्तारभाईंनी मला मांडीवर घट्ट धरलं होतं, त्यांच्या छातीची धडधड मला कागदातून जाणवत होती. ऑफिसातले साहेब वयाने तरुण होते. त्यांनी आधी सत्तारभाईंना पाणी दिलं, मग लिहायला बसले. नाव, गाव, वस्तू कुठून आणली. मग त्यांनी विचारलं, "प्रकार काय लिहू? वनस्पती?"

"न्हाई साहेब," सत्तारभाई म्हणाले. "जनावर. एक दिसतंय, पर लई जीव व्हते त्यात."

साहेबांनी तसं लिहून घेतलं. विकणाऱ्याचा नंबर घेतला, सत्तारभाईंकडून खडकाबद्दलचं बोलणं शब्द न् शब्द ऐकलं आणि तिथल्या तिथे किनाऱ्यावर फोन लावला. सत्तारभाईंना त्या दिवशी घरी जाऊ दिलं. पण बोलावलं की यायचं, असं बजावलं. त्यांचं पुढे काय होईल, ते अजून ठरायचं आहे. ते दोनदा येऊन गेलेत. दोन्ही वेळा टोपी हातात फिरवत, पण आले.

आता मी बीडच्या या ऑफिसात एका लोखंडी कपाटात आहे. अंगावर नंबराची चिठ्ठी आहे. माझं सगळं आयुष्य त्या चिठ्ठीवर दोन ओळींत मावलंय. किनाऱ्यावरून माणसं खडक बघायला गेली, एवढं मला कळलं. त्यांना काय दिसलं, ते मात्र माझ्या कपाटापर्यंत कुणी सांगायला आलं नाही. नांदूरघाटचा फोन गेला नाही. पण तो विकणारा काय एका नांदूरघाटच्या भरवशावर बसला असेल? जत्रा पुष्कळ आहेत, आणि घाबरलेली माणसं तर त्याहून जास्त. खडकावर माझी माणसं उभी आहेत की नाहीत, हा प्रश्न मी दिवसातून कितीदा स्वतःला विचारतो, आणि उत्तराच्या भीतीने लगेच विषय बदलतो.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. तुम्ही समुद्रापासून शेकडो कोस लांब राहता, तुम्हाला त्या पिवळ्या गोळ्यांशी काय देणंघेणं, असं म्हणू नका. तुमच्या भिंतीवरच्या एका खिळ्यापायी तिकडे कोयती पाण्यात उतरते. कुणी माझ्यासारखं काही तुमच्यापुढे धरलं आणि म्हणालं की हे घरात लावा, याला सगळी भुतंखेतं भितात, तर हात पुढे करू नका. मी इतकी वर्षं जगलो, कुठलंच भूत मला घाबरलेलं पाहिलं नाही. मी मात्र आयुष्यभर एकालाच घाबरत आलो. तुम्हाला.